मर्यादित जागेतील व्यायामोपकरणांची निवड : वैद्याचे कर्तव्य

विषयप्रवेश

रुग्णपत्रिकेवर औषधयोजना लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत ‘पथ्य : लघु आहार, नियमित व्यायाम’ असे लिहिण्याचा आपल्यापैकी बहुतेकांचा परिपाठ आहे. औषध लिहिताना आपण कल्प, मात्रा, काल आणि अनुपान या सर्वांचा उल्लेख करतो. व्यायाम मात्र एका शब्दात आटोपतो. मग तो शब्द घेऊन रुग्ण दुकानात जातो आणि कोणते उपकरण घ्यावे हे विक्रेता ठरवतो. स्थौल्य, प्रमेह, उच्च रक्तदाब आणि हृद्रोगाची भीती असलेले रुग्ण आज आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. त्यातील अनेकांना पहाटे फिरायला जाणे शक्य नसते. कोणाची रात्रपाळी असते, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतात, पावसाळ्यात तर चार महिने रस्ते निसरडे असतात. असा रुग्ण विचारतो, “डॉक्टर, घरीच काही यंत्र घेऊ का?” या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर देता यावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

एक रुग्णानुभव

प्रथम आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी ५४ वर्षांचे एक गृहस्थ आमच्याकडे येत असत. व्यवसाय बैठा, देह स्थूल, प्रमेह नऊ वर्षांपासून. औषधांबरोबर आम्ही ‘रोज अर्धा तास व्यायाम’ असे लिहून दिले. गृहस्थ शब्दाला जागणारे. त्यांनी हप्त्यांवर मोटारीची ट्रेडमिल घेतली, बैठकीच्या खोलीत दिवाण आणि कपाट यांच्या मधल्या जागेत बसवली आणि दुसऱ्याच दिवसापासून चालण्यास आरंभ केला. घरात पादत्राणे घालायची नाहीत, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. त्यामुळे ते पट्ट्यावर अनवाणी चालत.

तिसऱ्या आठवड्यात पत्नीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा ते आमच्याकडे आले. उजव्या अंगठ्याच्या तळाशी रुपयाएवढा व्रण होता आणि त्यांना त्याची वेदना नव्हती. त्यांच्या पायांची संवेदना कधीच कमी झाली होती. आम्ही दर भेटीला नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, रक्तशर्करेचे अहवाल पाहिले. पायाचे तळवे मात्र एकदाही पाहिले नव्हते. शल्यचिकित्सकाच्या साहाय्याने व्रण भरून येण्यास अकरा आठवडे लागले. अंगठा वाचला. ट्रेडमिलवर पुढे कपडे वाळू लागले.

दोष यंत्राचा नव्हता, रुग्णाचाही नव्हता. मात्रा, पात्र आणि देश यांचा विचार न करता दिलेल्या आमच्या उपदेशाचा तो दोष होता.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात देहाला स्थैर्य आणि बल देणारी चेष्टा ती व्यायाम, असे सांगून ती मात्रेनेच करावी असे बजावले आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी हे उपद्रव होतात, हेही तेथेच येते. वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात बलवान आणि स्निग्धभोजी मनुष्याने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर काळी त्याहूनही कमी व्यायाम करावा असा नियम घालून दिला आहे. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात या बलार्धाची ओळख सांगितली आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावा लागला, की अर्धे बल संपले. कक्षा, ललाट, नासिका आणि सांधे यांवर येणारा स्वेद व मुखशोष ही लक्षणे टीकाकारांनी त्यात जोडली आहेत.

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताचार्यांनी व्यायाम, कुस्ती, क्रीडा, अश्वारोहण, पदभ्रमण असे पर्याय दिले आहेत आणि निर्धन रुग्णाला दीर्घ पदयात्रा किंवा विहीर खणणे सांगितले आहे. रुग्णाची ऐपत आणि परिस्थिती पाहून व्यायामाचे साधन बदलावे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. आजच्या रुग्णाची परिस्थिती म्हणजे दोन खोल्यांचे घर. तेथे कोणते साधन बसेल, हे सांगणे त्याच परंपरेला धरून आहे.

आधुनिक मतही यापासून दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र स्वरूपाचा, हृदय व फुफ्फुसांना चालना देणारा व्यायाम करावा. २०१० च्या सूचनांत एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम व्हावा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढण्यात आली. लहान घरातील रुग्णाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. पाच-पाच मिनिटांचे तुकडेही आता हिशेबात धरता येतात.

रुग्णपरीक्षण

उपकरणाचे नाव सांगण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) हृदय : चालताना उरात दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण धाप, मूर्च्छा यांपैकी काहीही पूर्वी झाले असल्यास हृद्रोगतज्ज्ञाच्या तपासणीशिवाय व्यायाम सांगू नये. विश्रांतीत रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असल्यास आधी तो आटोक्यात आणावा.

२) पाय : प्रमेही रुग्णाचे तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात पाहाव्यात. संवेदनेसाठी इप्स्विच स्पर्शपरीक्षा सोपी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना मंदावली आहे असे समजावे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

३) संधी : जानुसंधिगत वात असल्यास चढउतार व उड्या वर्ज्य. कटिशूल असल्यास पुढे वाकून ओढण्याचे यंत्र टाळावे.

४) नेत्र : प्रमेहामुळे दृष्टिपटलात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असल्यास उड्या आणि जोराचे श्रम टाळावेत. नेत्रतज्ज्ञाचा अहवाल मागावा.

५) चालू औषधे : इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याची रक्तशर्करा व्यायामाने उतरू शकते. व्यायामापूर्वी ती ९० मिलिग्रॅमहून कमी असल्यास आधी थोडे खाऊन घ्यावे आणि खडीसाखर हाताशी ठेवावी. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी श्रमातही फारशी चढत नाही, म्हणून नाडीच्या आकड्यावरून त्याची मात्रा ठरवू नये.

६) भ्रम : चक्कर येणाऱ्या अथवा तोल जाणाऱ्या रुग्णास बसून करण्याचेच उपकरण द्यावे.

देशपरीक्षण : घर

देश म्हणजे येथे रुग्णाचे घर. मुंबईच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास सारे एकाच ठिकाणी होते. म्हणून रुग्णाला चार प्रश्न विचारावेत.

किती जागा मोकळी राहते? उपकरण पसरल्यावर लागणारी आणि मिटल्यावर लागणारी, अशी दोन्ही मापे घ्यावीत. आम्ही रुग्णाला जुनी वर्तमानपत्रे त्या मापात जमिनीवर चिकटवून दोन दिवस घरात वावरायला सांगतो. घरातील मंडळींना अडचण होते की नाही, ते पैसे खर्च होण्याआधीच कळते.

छत किती उंच आहे? पोटमाळा असलेल्या खोलीत डोक्यावर साडेसहा-सात फूटच मिळतात. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून पाच-सहा इंच वर असतो. दोरीच्या उड्यांना वर किमान एक फूट मोकळीक लागते आणि छताचा पंखा तर हमखास आड येतो.

खाली कोण राहते? उड्यांचा आणि पट्ट्यावरील पावलांचा आवाज जमिनीतून खाली जातो. खालच्या मजल्यावर तान्हे मूल किंवा आजारी माणूस असल्यास ते उपकरण आठवड्यात बंद पडते.

विजेची सोय कशी आहे? ट्रेडमिलची मोटार साधारण दीड ते तीन अश्वशक्तीची असते आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तिला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. लांबवलेल्या वायरीवर ती चालवू नये.

उपकरणनिहाय विचार

पायरी : सुताराकडून करून घेतलेली, साधारण ६० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद व १५ सेंमी उंच, खाली रबर लावलेली लाकडी पायरी हे लहान घरातील पहिले उपकरण होय. ती पलंगाखाली जाते. पाट किंवा चौरंग वापरू नये. कडेवर पाय पडताच तो कलंडतो. या साधनाला वैद्यकात जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये विकसित झालेली कार्यक्षमतेची प्रसिद्ध परीक्षा २० इंच उंच बाकावर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढउतार करूनच घेत असत. ती परीक्षा तरुणांसाठी होती. आपल्या रुग्णांना ती उंची वा तो वेग देऊ नये.

या पायरीचा मोठा गुण असा की तिची मात्रा मोजता येते. उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली, असे चार टप्पे मिळून एक चढउतार. भिंतीवरील घड्याळाच्या प्रत्येक सेकंदाला एक पाऊल टाकले की मिनिटाला १५ चढउतार होतात. प्रचलित सूत्राने हिशेब केला तर १५ सेंमी पायरीवरील ही गती सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर चालण्याइतकी, म्हणजे विश्रांतीच्या सुमारे साडेतीन पट श्रमाची ठरते. मिनिटाला २० चढउतार केल्यास श्रम चौपटीच्या थोडे वर जातो. दर मिनिटाला आधीचा पाय बदलावा आणि भिंत किंवा जड टेबल हाताशी असावे.

व्यायाम सायकल : जानुशूल, स्थौल्य आणि मंद संवेदना असलेल्या रुग्णांसाठी आम्ही हिला प्राधान्य देतो, कारण देहाचा भार आसन उचलते. मिटणारी सायकल दाराआड उभी राहते. चुंबकीय अवरोधाची सायकल पट्टी घासणाऱ्या सायकलीहून शांत चालते. आसनाची उंची महत्त्वाची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. आसन खाली ठेवल्याने गुडघा दुखू लागतो आणि रुग्ण सायकलीला दोष देतो. यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादा रुग्णाच्या वजनाशी ताडून पाहावी.

बसून फिरवण्याचे पायडल : खुर्चीसमोर ठेवण्याचे हे छोटे साधन वृद्ध, पक्षाघातानंतरचे रुग्ण आणि भ्रमाचे रुग्ण यांना उपयुक्त आहे. श्रम अल्प असतो, त्यामुळे सशक्त मनुष्यास ते पुरत नाही. गुळगुळीत फरशीवर ते पुढे सरकते. खाली रबरी चटई घालावी.

छोटा स्टेपर : दीड फूट चौरसात मावतो. याच्या तेलाच्या नळ्या सलग वापराने तापतात आणि अवरोध कमी होतो. थोड्या थोड्या वेळाने विश्रांती घेणाऱ्यासच तो योग्य. गुडघेदुखीत देऊ नये.

दोरी : जागा व पैसा दोन्ही कमी, परंतु श्रम तीव्र. सावकाश उड्यांतही तो विश्रांतीच्या आठपटींहून अधिक होतो. तरुण, सडपातळ, निरोगी व्यक्तीसाठी आणि तळमजल्यासाठी ठीक. चाळिशी उलटलेल्या स्थूल रुग्णास ही प्रारंभी कदापि देऊ नये.

ट्रेडमिल : मिटून ठेवता आली तरी वापरताना मागे सहा फूट व दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट जागा मोकळी हवी, कारण पाय घसरला तर मनुष्य मागे फेकला जातो. मागे भिंत किंवा कपाट असल्यास तो पट्टा आणि भिंत यांमध्ये सापडतो. कठडा नसलेले चपटे चालणपट्टे हल्ली जागा वाचते म्हणून घेतले जातात. संवेदना मंद असलेल्या किंवा तोल जाणाऱ्या रुग्णास ते देऊ नयेत. घरात लहान मुले असल्यास अधिकच जपावे. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बालकाच्या मृत्यूनंतर एका कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. सुरक्षेची किल्ली वापरताना कपड्याला अडकवावी आणि एरवी कुलपात ठेवावी.

रोइंग यंत्र : उभे करून ठेवता येते, पण पसरल्यावर सहा ते आठ फूट लांबी घेते. पद्धत शिकल्याविना कंबर दुखावते. शिकवणारा कोणी असेल तरच सुचवावे.

मात्रा आणि सेवनविधी

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे सकाळी व पाच मिनिटे सायंकाळी. पुढे दर आठवड्याला प्रत्येक वेळेत एक-दोन मिनिटे वाढवावीत आणि आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला एकूण ३० मिनिटांपर्यंत न्यावे. वेळ आधी वाढवावी, वेग नंतर. प्रारंभीची व शेवटची दोन-तीन मिनिटे मंद गतीची असावीत. पुरे वाक्य बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण. नाकाने श्वास पुरेनासा झाला की बलार्ध झाले, तेथे थांबावे. उरात दाब, चक्कर किंवा थंड घाम आल्यास तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे. हे रुग्णासमक्ष घरच्या माणसालाही सांगावे.

भोजनानंतर लगेच आणि अजीर्णात व्यायाम वर्ज्य. ऋतुचर्येप्रमाणे वर्षा व ग्रीष्मात वेग कमी करावा. सवय मात्र मोडू नये. आपल्याकडील एक विशेष सूचना : अभ्यंग करून व्यायाम करणाऱ्याने तळपाय कोरड्या फडक्याने नीट पुसावेत. तेलकट तळव्याने पायरीवर किंवा पायडलवर पाय घसरतो.

घरात पादत्राणे न घालणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही एक तोड काढली आहे. केवळ उपकरणावर वापरण्याचा, कधीही बाहेर न नेलेला कापडी बुटांचा स्वच्छ जोड ठेवावा. प्रमेही रुग्णाने मोजे घालून तो वापरावा आणि व्यायामानंतर रोज तळवे पाहावेत. स्वतःस वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.

औषधी दुकानदारांसाठी

आपल्या दुकानात तैलांबरोबर घाम आणणारे पट्टे आणि कंबर थरथरवणारी यंत्रेही ठेवलेली दिसतात. चरकाचार्यांनी निरग्निस्वेदात व्यायामाचा समावेश केला आहे. व्यायामाने स्वेद येतो हे खरे, परंतु पट्टा बांधून आणलेल्या स्वेदाने हृदयाला व्यायाम घडत नाही. घामाने उतरलेले वजन पाणी प्यायल्यावर परत येते. ‘व्यायामाऐवजी’ म्हणून अशी वस्तू विकू नये. त्याऐवजी दुकानात रक्तदाबमापक, मोजपट्टी आणि सुताराला देण्यासाठी पायरीच्या मापांचा कागद ठेवावा. उपकरण विकत असल्यास वजनमर्यादा, दुरुस्तीची सोय आणि परतीची अट ग्राहकास लेखी द्यावी. ग्राहक प्रमेही आहे असे कळल्यास ‘वैद्यांनी पाय पाहिले का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

उपसंहार

खरेदीपूर्वी तीन आठवड्यांची कसोटी आम्ही प्रत्येकास लावतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, जागच्या जागी पावले टाकण्याचा व्यायाम करावा आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. तीन आठवड्यांत पंधरा खुणा झाल्या तर उपकरण घ्यावे. ज्यांच्या खुणा होत नाहीत, त्यांना यंत्रानेही व्यायाम घडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आरंभी सांगितलेले गृहस्थ आज मिटणाऱ्या सायकलीवर सकाळी व सायंकाळी पंधरा-पंधरा मिनिटे बसतात. बुटांचा जोड सायकलीलाच टांगलेला असतो. त्यांच्या प्रत्येक भेटीत आम्ही नाडीच्या आधी त्यांचे तळवे पाहतो. वाचक वैद्यांनी आपल्या रुग्णपत्रिकेत ‘व्यायाम’ या शब्दापुढे उपकरण, मात्रा, काल आणि निषेध असे चार रकाने आखून घ्यावेत, इतकीच विनंती.